स्टेला, तू तसं म्हणाली नव्हतीस

प्रिय स्टेला,

आज कल्लरै तिरुनाळ, तुमच्या मृतांचा दिवस. कबरस्तानातून आत्ताच आलो आणि लिहायला बसलो, कारण तुझी बहीण फिलोमिना आज माझ्याशी फार चांगलं वागली. ते सोसवत नाही.

बावीस वर्षं दर नोव्हेंबरात तू मला तुझ्या आईच्या कबरीवर नेलंस. "एन्नंगा, अहो, बादली घ्या!" मी पाणी आणायचो, तू काथ्यानं शेवाळ घासायचीस. मग पांढरा रंग, शेवंती, मेणबत्त्या, आणि आईला आवडायचे म्हणून दोन डाळवडे. "तुमच्या पितरांचं कावळे खातात, आमच्यांचं मुंग्या. एवढाच फरक!" म्हणून हसायचीस.

एकदा घासता घासताच म्हणालीस, "मलाही इथंच ठेवा, आईजवळ. वर्षातून एकदा बादली घेऊन या. फार मागतेय का?"

ऐकलं होतं मी! गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात दारातूनच नुसत्या आवाजावरून कुठल्या लेथचं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी. ऐकलं नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू?

तू गेलीस आणि तंजावरहून दादा आला. "आपल्या घरची सून मातीत? लोकांना काय सांगू?" एवढंच म्हणाला. मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांना बोलण्यात गुंडाळणारा मी, त्याच्यापुढे गप्प बसलो. तुला जाळलं. राख कावेरीत सोडली, चिमूटभरही मागं ठेवली नाही.

फिलोमिना रडत, ओरडत आली तेव्हा मात्र तोंड उघडलं. म्हणालो, "हॉस्पिटलात तुझी अक्काच म्हणाली, तुमच्या पद्धतीनं करा." लगेच विश्वास ठेवला तिनं.

आज तिनंच बादली माझ्या हातात दिली. फादर पवित्र पाणी शिंपडत आले. "कुणाकुणासाठी प्रार्थना करायची?"

"आईसाठी. आणि स्टेला अक्कासाठी."

"त्यांची कबर कुठली?"

फिलोमिनाच बोलली. "कबर नाही फादर. अक्काची तशीच इच्छा होती. अत्तानचा, अक्काच्या नवऱ्याचा, काही दोष नाही."

मग वडा माझ्यापुढे धरला. "खा अत्तान. किती वाळलात!"

खाल्ला गं. नाही कसं म्हणायचं?

तूही एका कागदावर लिहून ठेवायचंस की! नवऱ्यावर एवढा भरवसा ठेवतात का?

उद्या सकाळी एग्मोरला तिच्या घरी जातो. कॉफी हातात यायच्या आत, दारातच सांगतो की अक्का तसं कधीच म्हणाली नव्हती, मी खोटं बोललो. तिनं चप्पल उचलली तरी हलणार नाही. पुढच्या वर्षी तिनं कबरस्तानात पाऊल टाकू दिलं नाही, तर फाटकाबाहेर उभा राहीन. पण तुला कुठं निजायचं होतं, ते तुझ्या माणसांना कळेल.

तुझाच,
भीमराव