दाराला लावलेली खुर्ची

ताई,

सुट्टीच्या दिवशी मुकादमाने आम्हाला देवभक्तीचा सिनेमा दाखवला. त्यातल्या बाईला लहानपणी काकानेच हात लावलेला. शेवटी ती देवापुढे रडते, त्याला माफ करते. मुकादम म्हणाला, "बघा रे गाढवांनो, सुटली बिचारी!"

पण त्या रात्री ती दाराला खुर्ची लावून झोपली की नाही, ते दाखवलंच नाही. तू तर मामामुळे अजून लावतेस.

आई म्हणते, "मामा आजारी आहे, घरी आणतेय. ताईला समजाव, देवाचं नाव घेऊन माफ कर म्हणावं." मी हो म्हणालो होतो. आता नाही समजावणार.

हे पत्र आई आधी उघडेल, म्हणून टाकत नाही. फोनवर एवढंच सांगेन, इकडे निघून ये. माझ्या खोलीला आतून दणकट कडी आहे. मी बाहेर व्हरांड्यात पडेन; नाहीतरी एका जागी मी कुठे टिकतो!

तुझा,
भिंगरी