गुठळ्या होऊ दे

प्रिय मृणाली,

पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस आणि "बरं बाबा, ठेवते" म्हणतेस. आज मला पूर्ण बोलायचंय. अगं, कारखान्याचं सांडपाणी गाळायचा आपला फिल्टर चालला! आणि तोही तुझ्याच प्रयोगाने, जो गुंडाळून ठेवावासा वाटतो असं तू मागे म्हणालीस.

सायझिंगवाल्याचा जन्म सुताला द्यायची कांजी ढवळण्यात जातो, हे तुला मी काय सांगू. कांजीत एक गुठळी राहिली आणि सुतावर बसली, की लूमवर धागा तुटलाच. लहानपणी तू टाकीशी उभी राहून गुठळ्या शोधायचीस आणि नानकटाई वसूल करायचीस. त्याच सवयीने मी फिल्टरच्या तुरटीच्या टाकीतही जोरात फिरणारी मोटर बसवली. गुठळी दिसली की फोड. मग ते पाणी मेम्ब्रेनवर, त्या बारीक भोकांच्या चाळणीवर, सोडलं की थोड्याच वेळात पंप कण्हायला लागायचा. नारपोलीत लूम चालवायचो तेव्हा अख्ख्या शेडच्या खडखडाटात कुठला धोटा अडतोय ते मला पाठमोरा असताना कळायचं. पंपाचं कण्हणं कळायला कितीसा वेळ? चाळण धुवायची, पुन्हा तेच रडगाणं.

दिवाळीत तू म्हणालीस, गुठळ्या फोडू नका, होऊ द्या. मोठ्या गुठळ्या चाळणीवर भुसभुशीत बसतात, त्यांच्या मधून पाणी वाट काढतं. बारीक कण मात्र थापून बसतात. मी हसलो. टाकीवरचा आपला बाळाराम तर तोंड फिरवून हसला, कारण गुठळी होऊ देणाऱ्याला आमच्याकडे ड्युटीवर ठेवत नाहीत. मग पुण्याहून तू कळवलंस, की प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात माती कालवली की जमतं, पण नदीचं पाणी घेतलं की गुठळ्याच होत नाहीत. तेव्हापासून तुझा आवाज उतरलाय.

मला काही राहवेना. दोन टाक्या घेतल्या. एकीत कांजीची भांडी धुतल्याचं पहिलं, कांजीने जाड झालेलं पाणी. दुसरीत नंतरचं, ज्यात कांजी जवळपास नाही, नुसती चिनी माती आणि सुताची धूळ. तुरटी दोन्हीत सारखी, मोटर बंद. बाळारामने बांबूने सावकाश ढवळलं, बासुंदी ढवळावी तसं. दुसऱ्या टाकीत बघता बघता दही विरजल्यासारख्या गुठळ्या! बाळाराम घाबरून म्हणाला, "शेठ, गाठी झाल्या हायेत, मोटर मारू काय?" मी त्याचा हातच धरला. ते पाणी मेम्ब्रेनवर सोडलं आणि पंप दुपारभर गुणगुणत राहिला. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो, जेवायलासुद्धा गेलो नाही, त्यावरून तुझ्या आईने जे ऐकवलं ते लिहीत नाही.

पहिल्या टाकीत मात्र काही जमेना. मला वाटतं, कांजी कणाकणाला लपेटून बसते, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही; आणि जे थोडंफार जमतं त्याच्या फटीही लिंपून टाकते. नदीच्या पाण्यात कुजलेला पाला, गटाराची घाण विरघळलेली असते, तीच तुझी कांजी नसेल कशावरून? म्हणजे तुझा प्रयोग खोटा नाही, त्याच्या आधीची एक पायरी राहिली आहे. अर्थात हे माझ्या कानांचं म्हणणं. मोजून सिद्ध करणं तुझं काम, ते मला जन्मात जमणार नाही.

आता खरं कारण सांगतो. मंगळवारी तू आईला म्हणालीस, की पीएचडी सोडून महिनाअखेरीला घरी येते, बाबांना इतक्यात सांगू नकोस. पार्वतीने शब्द पाळला, बिचारी अजून गप्प आहे. पण ती गच्चीत बोलत होती आणि मी जिन्यात होतो. माझ्या कानांचा दोष तिच्यावर ढकलू नकोस. खोली तुझीच आहे, कधीही ये, मी एक शब्द विचारणार नाही. फक्त रविवारी मी दोन्ही टाक्यांचं पाणी कॅनमध्ये भरून पुण्याला घेऊन येतोय. ते एकदा तुझ्या यंत्रांवर लाव, सरांना दाखव, मग ठरव. गाडी मोठी आणतोय, तुझं सगळं सामान मावेल. पण खरं सांगू, पोरी? परत येताना तिच्यात नुसते रिकामे कॅन खडखडत आले, तर ते ऐकायला मला जास्त आवडेल.

भिवंडीहून कान टवकारून बसलेला,
तुझाच
बाबा