सीब्रेनच्या वाढदिवसाचा फोन

४ मार्च
कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानाचं पत्र आलं. त्यांच्या कॉम्प्युटरमधून ग्राहकांची माहिती चोरीला गेली. माझी आणि माझ्या नवऱ्याची, सीब्रेनचीही. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता त्याचं काय चोरणार?
ठरवलं: अनोळखी नंबर उचलायचा नाही. बँकेतले पैसे त्याच्या थडग्यावरच्या दगडासाठी आहेत.

६ मार्च
लायब्ररीतून फसवणुकीवरचं पुस्तक आणलं. दोनदा वाचलं. आता अख्ख्या डोकम गावात मला कोणी फसवू शकणार नाही.

९ मार्च
नीन्केचा फोन. म्हणाली, "आई, बँक स्वतःहून कधी फोन करत नाही, लक्षात ठेव."
म्हटलं, "तूही करत नाहीस."
ती हसली. मी विनोद केला नव्हता.

१३ मार्च
अनोळखी नंबर. उचलला, पण केवळ खात्री करायला. एक रंगारी होता, नंबर चुकलेला. वीस मिनिटं बोललो. त्याची पाठ दुखते.

१९ मार्च, सकाळ
सीब्रेनचा वाढदिवस. इथल्या रीतीप्रमाणे संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्याचं नाव तसंच आहे. पूर्वी या दिवशी सगळी गल्ली यायची, आणि त्याच्याबरोबर माझंही अभिनंदन करायची. छोटा केक आणलाय. चारपर्यंत कोणी आलं तर बरं.

१९ मार्च, पाच वाजता
फोन आला. बँकेतून. "आधी अभिनंदन, पोस्तमाबाई! आज तुमच्या यजमानांचा वाढदिवस ना?"
चोर असं कशाला म्हणेल? पुस्तकात तरी नाही.
खात्याला धोका आहे म्हणाला. कार्ड कात्रीने कापा, आमचा माणूस येऊन नेईल. कापलं. कापलेल्या कार्डाचा कोणाला काय उपयोग? पिन सांगितला नाही, फोनच्या बटणांवर दाबला फक्त. आलेल्या माणसाला केक दिला. उभ्यानेच खाल्ला. घाईत होता.

२० मार्च
खातं रिकामं. कार्डाची चिप शाबूत होती म्हणे.
नीन्के ओरडली, "अगं, तारीख त्या चोरीतलीच! तुला कळलं कसं नाही?"
म्हटलं, "तारीख तुलाही माहीत होती."
ती रडली. मला तसं म्हणायचं नव्हतं.

२३ मार्च
पोलीस चौकी. हवालदाराने लिहिलं, 'आरोपी सुरुवातीपासून खोटं बोलत होता.' मी ते खोडायला लावलं. 'अभिनंदनानंतर' असं लिहून घेतलं, आणि खाली सही केली.
दगड यंदा नाही.