एका देवाचा सोयरा

बाबा, टेलरभाऊ गेला. तू त्याला हेच म्हणायचास, म्हणून मीही तेच लिहितो. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या पत्र्याच्या दुकानात माणूस भाजून निघतो. त्या दुपारी त्यानं शिलाई मशीनवरच मान टाकली, आणि शेजारच्या पानठेलेवाल्याला वाटलं, डुलकी लागली असेल. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचे भाऊ आधीच आले होते. चांगली माणसं आहेत, मला कोणी हटकलं नाही. कब्रस्तानात सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, तशी मीही टाकली. थोरला भाऊ कोणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "ये उसका जिगरी दोस्त." इतकी वर्षं एका खोलीत, एका ताटात काढली आणि शेवटी माझ्या वाट्याला एवढंच नातं आलं.

त्याला मी पहिल्यांदा गावी आणलं तो दिवस आठवतो. मोहफुलं वेचायचे दिवस होते. आई गेल्यापासून तूच रांधायचास. आलापल्लीहून सकाळच्या एसटीनं आम्ही येतो, तर तू कोंबडा धरून अंगणात उभा आहेस. सुरी उलटी धरून तिची मूठ त्याच्यापुढे करतोस. "तुमीच कापा, टेलरभाऊ. माह्या हातचं तुमाले चालत नाई, अन् उपाशी पाहुणा मले चालत नाई." तो हसला, बिस्मिल्ला म्हणाला आणि कापून मोकळा झाला. मग जेवायला बसलो. चुलीपुढे वाढता वाढता तू सहज विचारलंस, "किती देवाचे जी तुमी?"

माझा घास हातातच राहिला. हा प्रश्न आपल्या गोंडांत पाहुण्याला कोणी उगाच विचारत नाही. सोयरीक जुळवायला बसले की पहिला हाच. देवांचा आकडा सारखा निघाला तर दोघं भाऊभाऊ, लग्नाची गोष्टच सोडा. वेगळा निघाला तर पुढचं बोलणं. त्या बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक? तो सरळ म्हणाला, "एकच, बाबाजी." तू पळी रश्श्यात बुडवलीस. "आमी सहा देवाचे. मंग जमते," म्हणालास, आणि त्याच्या ताटात आणखी रस्सा ओतलास.

परतीच्या गाडीत मी त्याला अर्थ सांगितला, तर तो बल्लारशाचा फाटा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. पुढे कोर्टात आमच्यासारख्यांच्या लग्नाची केस चालली. टीव्हीवर रोज भांडणं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे धर्माचे लोक या एका गोष्टीपुरते शेजारी शेजारी बसून मान डोलवत होते. निकाल लागला, लग्न कायद्यात बसत नाही. मी टीव्ही बंद केला. तो काज करत होता. मान वर न करता म्हणाला, "कोर्टाचं काय घेऊन बसला बे? तुया बापानं तं मले केव्हाच पास केलं."

म्हणून तो गेल्यावर मी गावात गेलो. तू गेल्यावर तुझ्या नावानं उभा केला त्या दगडाशेजारी त्याच्या नावाचा एक दगड उभा करायचा, एवढंच माझं मागणं होतं. बैठक बसली. पुजाऱ्यानं शांतपणे विचारलं, "कोन्त्या नात्यानं?" मी तुझा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर, सगळं सांगितलं. म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. "तुहा बाप मस्करीखोर होता, बाबू. बाई अन् मानूस असन तं देव मोजतेत. अन् त्याइच्या लोकाइनं ऐकलं तं तेही भांडाले येतीन." कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. चहा पाजून मला एसटीत बसवून दिलं. मला त्यांचा राग आला नाही, तुझा आला. एक वाक्य सरळ बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? ती मस्करी होती की होकार, हे मला आजही कळत नाही, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही.

हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, पण एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे. चंद्रपुरात उतरलो तो सरळ न्हाव्याकडे गेलो. त्यांच्यात ही रीत नाही, पण मला आपलीच माहीत. डोकं, मिशा सगळं उतरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे ऑफिस नवीन आहे, तू कधीचा गेलास ते इथे कोणाला ठाऊक नाही. कोण गेलं, म्हणून विचारलं. दोस्त म्हटलं असतं तर दोस्तासाठी कोणी डोकं भादरतं का, हा पुढचा प्रश्न आलाच असता. मी म्हणालो, बाबा गेले. लगेच कोणी पाणी आणलं, कोणी डबा पुढे केला, साहेब स्वतः उठून आले. शिपाईबाईनं विचारलं, "कसे होते जी बाबा?" आणि मी बोलत सुटलो. चहात लई साखर घ्यायचे. शिवता शिवता गुणगुणायचे. माझ्या शर्टाचं बटण सैल दिसलं की मला दारातच थांबवायचे. आणि मला रडू फुटलं, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, चारचौघांत. बाई म्हणाली, "लई जीव होता तुमचा त्याइच्यावर." वय विचारलं, तेव्हा तेवढं तुझं सांगितलं.