मनातल्या रागाच्या खटल्यास लांबची तारीख मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका दंडाधिकारी साहेब,
तालुका कचेरी.

अर्जदार : लिंबाजी मुंजाजी खंदारे, वय ४४, धंदा रेल्वेत गँगमन (पूर्णा), राहणार मौजे कवठाळी, जिल्हा परभणी.

विषय : अर्जदाराविरुद्धचे शांतताभंगाचे प्रकरण लवकर निकाली न काढता पुढची तारीख लांबची देणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दिनांक २० एप्रिल १९७६.

महोदय,

अर्जदार अदबीने सादर करतो की,

१. कवठाळीच्या बौद्धवाड्यात पत्र्याचे एक विहार आहे. तेथे दर रविवारी दुपारी अठरा-वीस बाया-पुरुष जमतात, अर्धा तास डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात आणि मग बसल्या बसल्या मनात काय काय आले त्याची चर्चा करतात. दगडाबाई वाव्हळे यांना पाचव्या मिनिटाला झोप लागते व त्या घोरतात, हे अर्जदार लपवू इच्छित नाही.

२. गावचे बागायतदार व्यंकटराव यांनी मार्च महिन्यात चौकीत तक्रार दिली की, "आमच्या गावात दोन माणसं गप बसत न्हाईत, आन् हे वीस जण अर्धा घंटा गप बसायलेत. नक्कीच कायतरी कट हाय." सध्या आणीबाणी असल्याने पाचावर माणसे जमली की सरकारला घोर लागतो. तेव्हा शिपाई बन्सीधर यांची दर रविवारी विहारात नेमणूक झाली. जे कानी पडेल ते वहीत लिहावे, असा त्यांना हुकूम होता. पहिल्या रविवारी सगळे डोळे मिटून बसले असता त्यांनी लिहिले, "पत्र्याखाली अस्पष्ट घोषणा ऐकू आल्या." त्या घोषणा दगडाबाईंच्या होत्या. पुढच्या चर्चेत सरजाबाई आपल्या लेकीच्या सासूबद्दल पाऊण तास बोलल्या. ते लिहिता लिहिता शिपायाचा हात भरून आला. त्यात सरकारविरोधी काही निघाले नाही.

३. दिनांक ११ एप्रिल रोजी अर्जदाराची पाळी आली. त्याच आठवड्यात असे घडले होते की, अर्जदाराची पत्नी सुलाबाई ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरीवर गेली असता व्यंकटरावांनी तिची भरलेली घागर पायाने लवंडली. त्या विहिरीवर त्यांचे बैल पाणी पितात, तेव्हा विहीर बाटत नाही. आमची घागर दिसली की बाटते. बौद्धवाड्यातील बाया पाऊण कोसावर ओढ्यात झरा खोदून वाटी-वाटीने पाणी भरतात. अर्जदाराने चर्चेत खरे तेच सांगितले, "डोळे झाकले की मला व्यंकटराव दिसायलाय. त्येला उचलून त्याच इहिरीत टाकावं वाटायलंय. मी त्या रागाकडं नुस्तं बगत बसलो. बगता बगता राग गेला." शिपायाच्या वहीचे पान विहिरीपाशी संपले. राग गेला, हे लिहायला जागा उरली नाही.

४. त्यावरून आपली नोटीस आली. अर्जदाराने शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही का करू नये, असे त्यात विचारले आहे. शिवाय व्यंकटरावांच्या जिवाला धोका असल्याने दिनांक २२ पासून शिपाई बन्सीधर यांना दिवसभर विहिरीवर उभे करण्यात आले. कोणी कोणाला विहिरीत टाकू नये, एवढेच त्यांचे काम.

५. नोटीस हाती पडल्यापासून अर्जदाराची झोप उडाली. रेल्वेतील वरिष्ठांना प्रकरण कळले तर नोकरी जाईल व घरात खाणारी सहा तोंडे आहेत. दिनांक २२ रोजी अर्जदार चौकशीस कचेरीत गेला असता एका कारकुनाने कळवळून सल्ला दिला, "मी तसं बोललोच नाही असं लिहून द्या, सगळं मिटून जाईल." अर्जदाराने खोटे न बोलण्याचे शील घेतले असल्याने ते जमले नाही. मग हमीपत्रावर सही करून मोकळे व्हावे, असे ठरवून तो घरी आला.

६. घरी दोन घागरी भरलेल्या होत्या. विचारता सुलाबाई म्हणाली, "इहिरीचं हाय. आमी गेलो, भरलं, आलो. पोलिसाच्या म्होरं घागर लवंडायला व्यंकटरावाची छाती होईना." दुसऱ्या दिवशी नऊ बाया गेल्या. आता एकवीस जातात. सुमनबाईला आठवा महिना असल्याने तिची घागर शिपाई स्वतः ओढून देतात. हे त्यांच्या कामात बसत नसल्यास अर्जदाराने सांगितले असे समजू नये. व्यंकटराव दोनदा चौकीत जाऊन सांगून आले की, धोका टळला, शिपाई काढा. चौकीने कळविले की, प्रकरण चालू आहे तोवर काढता येत नाही. अर्जदाराने नोकरीबद्दल विचारले तेव्हा सुलाबाई म्हणाली, "नोकरीचं काय व्हायचं ते हू द्या. आज मी लेकरान्ला डोस्क्यावरून आंघूळ घातली."

७. तरी साहेबांस विनंती की, प्रकरण निकाली काढू नये. तारीख द्यावी, ती झाल्यावर आणखी एक द्यावी. हमीपत्राबाबत खुलासा असा की, विहीर सर्वांची आहे असा लेखी हुकूम साहेबांनी काढून विहिरीवर लावावा, अर्जदार त्याच दिवशी सही करील. तोवर सही करणार नाही.

८. सुनावणीत एकच सांभाळून घ्यावे. व्यंकटरावांबद्दल अजून राग आहे काय, असे साहेबांनी विचारल्यास अर्जदाराला खरे सांगावे लागेल आणि शिपाई त्याच दिवशी परत जाईल. म्हणून तेवढा प्रश्न विचारू नये.

तारखेस न चुकता हजर राहणारा,

लिंबाजी मुंजाजी खंदारे
(सही)

कवठाळी, दिनांक ३ मे १९७६

सोबत : १) नोटिशीची नक्कल. २) पाणी भरणाऱ्या एकवीस बायांचे अंगठे. दगडाबाईंचा अंगठा ओला असल्याने पुसट उठला आहे, तो ग्राह्य धरावा.