काच ताने?

१४ ऑक्टोबर, वॉटरफोर्ड, आयर्लंड

सकाळी मी शेंगदाणे भाजायचे आणि हे ओट्यापाशी उभे राहून साली फुंकायचे, घरभर. केर मी काढायचा! आज आठवलं ते तुर्की दुकानातल्या आयसेलमुळे. पाव आणायला गेलं की विचारते, "काच ताने?" म्हणजे किती. मी दोन म्हणते. "घरी दोघं, छान!" म्हणते ती, आणि मी मान डोलावते. हे जाऊन वर्ष उलटलं. दुसरा पाव वाळून जातो. वैताग येतो स्वतःचाच.

शेवटी आज शोधून वाचलं. हे ताने फारसीतून तुर्कीत आलं, मूळ अर्थ दाणा. आपला दाणाही त्याच घरचा. ते लोक अंडी, पाव, पोरंसुद्धा दाण्यांनी मोजतात. मुलाला फोनवर सांगितलं, तर इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणे, "ग्रँड, आई. पण तू एकच पाव घे ना." शब्दाचं ह्याला काही नाहीच! यांनी साली फुंकायचं थांबून ऐकलं असतं. बहुतेक.

एक म्हणायला काय जातं माझं?

बुधवार. दाणे भाजले, साली मीच फुंकल्या. मग दुकानात जाऊन एक म्हटलं. आयसेलने विचारलं, का? सांगितलं.