डाव्या पंखाची पिसं

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
तुझी पांढऱ्या पिसांची जुडी मिळाली. वीस पिसं, वर चिठ्ठी 'डावी'. बाबांनी आजारपणाआधी निवडलेली बारा तपकिरी पिसं होती, तीही डावीच. म्हणून सहा बाणांना प्रत्येकी बाबांची दोन आणि खुणेला तुझं एक पांढरं, अशी चिकटवली. आणि एक बाण धड जाईल तर शपथ! सुटतो, शेपूट हलवतो, भलतीकडेच घुसतो. मास्तर म्हणतात, माझा हातच बिघडलाय. वीस तारखेला तिरंदाजीच्या संघाची निवड आहे आणि पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. बाबांना विचारावं, तर वाचा गेलेली, उजवा हात उचलत नाही. ते नुसते बघतात. माझं डोकं चालेनासं झालंय.
उत्तर लगेच धाड, लोभ मागाहून वाढवलास तरी चालेल.
तुझी खारू

६ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.
सरस नीट वाळला का? दांड्या सारख्या जाडीच्या आहेत का? लहानपणी नेम धरताना जीभ बाहेर काढायचीस, ती अजून बाहेरच असते का? पिसांना मात्र बोल लावू नकोस. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. एकेक पीस हाताळून डावं काढलंय. दादा जेवतो का नीट?
माया आहेच.
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
दांड्या बदलल्या, जीभ आत ठेवली. तेच! शेवटी बाबांचं आणि तुझं पीस देठ माझ्याकडे करून शेजारी ठेवलं. त्यांचं वळलं डावीकडे, तुझं उजवीकडे. मग चुकलं कोण? बाबांना दाखवलं, तर चार महिन्यांत पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने. मग टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत राहिले. मी खुर्ची आणून दिली, तर मान हलवून नाही म्हणाले. मला काही म्हणजे काही कळेना.
गोंधळलेली,
खारू

१५ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.
आधी मीही गोंधळले, मग कपाळावर हात मारून घेतला. ती खुर्ची माझी गं! आम्ही समोरासमोर बसून काम शिकलो. पीस मधे, देठ दादाकडे, टोक माझ्याकडे. त्याला जे डावं दिसे, ते मला उजवं. प्रत्येकजण आपल्याच जुडीतली पिसं लावायचा, म्हणून कधी अडलंच नाही. चूक माझी.
बाणाला पंख कुठलाही चालतो, भेसळ चालत नाही. अठरा पिसं लागतील, माझी वीस आहेत. दादाची बारा काढावी लागतील. त्याने निवडलेली ती शेवटची, हे ठाऊक असून लिहितेय, वाईट वाटतंय. तरी काढ.
आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
सुरी घेऊन बसले, पण हात धजेना. बाण तसेच टाकून चहा ठेवायला गेले. परत आले तर बाबांनी बाण गुडघ्यांत दाबलेला, सुरी डाव्या हातात, आणि आपलीच पिसं खरवडत होते. मी पुढे झाले तर डोळे वटारले. सकाळची दुपार झाली. बाराच्या बारा त्यांनीच काढली. मग तुझी जुडी माझ्यापुढे सरकवली.
ती लावली आणि बाण सरळ जायला लागले. काल निवड झाली, संघाच्या यादीत माझं नाव आहे, अगदी शेवटचं. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मला वाचवेना, तेव्हा कागद हातातून घेतला आणि छातीशी धरून बसले.
आता लोभ पत्रातून नको, इथे येऊनच कर.
तुमची दोघांची,
खारू